पाचव्या मजल्यावरचा दुधी

वर्तकनगर, ठाणे
श्रावण संपत आला आहे (तिथी विचारू नका, कॅलेंडर प्रीतीच्या ताब्यात असतं)

तीर्थस्वरूप काळुमामांस सुदेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आणि मामीची बीपीची गोळी, दोन्ही वेळेवर चालू असतील अशी आशा आहे. आम्ही सगळे बरे आहोत. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आमच्या भिंती पातळ. तुम्हाला पोचेल इतक्या आवाजात बोललो की आधी शेजारी उत्तर देतात. शिवाय सांगायचं आहे ते मोठ्याने सांगण्यासारखं नाही.

तुम्ही खडवलीहून दिलेलं दुधीचं बी मृगात निळ्या पिंपात लावलं, तळाला भोकं पाडून, खाली विटांचे तुकडे घालून, अगदी तुम्ही सांगितलंत तसं. वेल असा माजला की महिन्याभरात ग्रिल दिसेना आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर तज्ज्ञ झालो. जास्वंदीला पांढरी कीड पडली, सुदेशकाकांना विचारा. पावसाळ्यात मेथी पेरू का, विचारा. (नको म्हणालो. भर पावसात कुंडीतली मेथी सडते, दसऱ्यानंतर पेरा, तोवर अळू आणि गवती चहा लावा. हे सगळं तुमचंच, पण ग्रुपवर तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं.) अडचण एवढीच की तज्ज्ञाच्या स्वतःच्या वेलाला दुधी लागेना. बोटाएवढा धरायचा, पिवळा पडायचा आणि गळायचा.

तेव्हा तुम्ही निरोप धाडलात की पाचव्या मजल्यावर किडे-पाखरं कशाला चढतील, लग्न तूच लावून दे. दुधी फुलतो तिन्हीसांजेला; त्या वेळी नर फुलातले पराग मादी फुलाला लाव. ज्या फुलामागे इवलासा दुधी असतो ती मादी, नुसता लांब देठ असतो तो नर. मी समृद्धीचा शाळेतला रंगाचा ब्रश शोधून काढला आणि रोज दिवेलागणीला ग्रिलच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबू लागलो. मादी फुलं सगळी बाहेरच्या बाजूला. अंधारात दिसावं म्हणून डाव्या हातात मोबाईलचा टॉर्च. आणि मामा, खोटं कशाला सांगू, फुलांशी थोडं बोलायचोही. 'ये, इकडे वळ, लाजू नको', असं. कोणी ऐकत असेल अशी कल्पना नव्हती.

आता समोरच्या इमारतीचं सांगतो. तिथे पाचव्या मजल्यावर आवडाबाई राहतात, त्यांचा मुलगा नयन. मूळचे इथलेच, आगरी. आमची लिफ्ट जिथे बंद पडते तिथे पूर्वी त्यांचा भात पिकायचा म्हणतात. नयन आणि आपली समृद्धी यांनी लग्न करायचं ठरवलं आहे. (तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, पण आम्हालाच शेवटी कळलं.) मुलगा चांगला आहे, आम्हाला पसंत आहे, आणि आवडाबाई बोलणी करायला यायच्या होत्या. त्या आल्याच नाहीत. एक दिवस समृद्धी ऑफिसातून आली, पर्स न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तू रोज संध्याकाळी समोरच्या खिडकीत बघत असतोस?"

"मी? नाही गं. मी दुधी बघतो."

"नयनच्या आईचं देवघर आहे तिथे. त्या दिवा लावायला येतात तेव्हा तू खिडकीतून बाहेर येतोस, मोबाईल धरतोस आणि हसून काहीतरी बोलतोस. त्या म्हणाल्या, या घरात सोयरीक नको."

मला हसू आलं, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून ते गिळलं. ती जेवली नाही. मग मीही जेवलो नाही. प्रीती मात्र जेवली, आणि हात धुताना म्हणाली, "उद्या जाऊन सांगून या. आणि फुलं घेऊन जा, नुसत्या तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल."

तर मी स्टीलच्या डब्यात एक नर, एक मादी आणि ब्रश घेऊन गेलो. आवडाबाई सोफ्यावर बसल्या होत्या. मी डबा उघडून समजावू लागलो आणि लक्षात आलं की होणाऱ्या विहीणबाईंसमोर हा विषय फार पुढे नेता येत नाही. 'हे श्री. आणि ह्या सौभाग्यवती', एवढं म्हणून घाम पुसला. नयन खिडकीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. आवडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मादी फूल उचलून मागचा दुधी चाचपला आणि म्हणाल्या, "उद्या सांजचे लावा. मी माझे खिरकीन उभी ऱ्हातंय. बगतंय खरा का खोटा."

दुसऱ्या दिवशी परीक्षा. समोर आवडाबाई, नयन आणि बातमी कळलेली निम्मी सोसायटी. मी बाहेर वाकलो, टॉर्च लावला आणि पहिल्याच झटक्याला ब्रश हातातून सुटून खाली गेला. मी तसाच लोंबकळत. समृद्धीने मागून माझा शर्ट घट्ट धरला होता. तेवढ्यात समोरून आवाज आला, "व्याही, कुंचला नको. नर फूल तोरा, पाकल्या काहारा न् तोच घासा."

नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि तेच मादी फुलाला घासलं. 'व्याही' म्हटल्याचं माझ्या ध्यानात आलं होतं. समृद्धीच्याही आलं असावं, कारण तिने शर्ट सोडला आणि मी जेमतेम वाचलो.

तो दुधी धरला. आता हातभर झाला आहे, मानेला छान बाक आहे. येत्या रविवारी साखरपुडा आहे. तुम्ही आणि मामी यायचंच, आणि येताना थंडीसाठी मेथी, पालक, टोमॅटो यांचं बी आणावं, म्हणजे ग्रुपवर माझी अब्रू राहील. पत्र तुमच्या गावच्या भिवाच्या हाती देतोय, तो शनिवारी सकाळी गावी पोचेल. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुदेश

ता. क. : आवडाबाईंनी सगळ्यांना सांगितलं आहे की साखरपुड्याला त्याच दुधीची भाजी हवी. मी आज देठाजवळचा कण जिभेला लावून पाहिला आणि थुंकला. कडू जहर आहे. असा दुधी पोटात जाऊ देऊ नये हे तुमचंच सांगणं, आणि मामा, बीही तुमचंच. तेव्हा मेथी राहू द्या, पालक राहू द्या. तुमच्या मांडवावरचा हातभर लांब, मानेला बाक असलेला एक गोड दुधी पिशवीत घालून आणा. कोणाला बोलू नका, प्रीतीलाही नाही.

ता. ता. क. : मामांना सौ. प्रीतीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. आवडाबाई परवा घरी आल्या तेव्हाच त्यांनी चव घेतली होती. त्या म्हणाल्या, व्याह्यांना कलू देऊ नका, बिचाऱ्यांचा जीव त्याच्यात हाय. त्या त्यांच्या भावाच्या शेतातून तसाच दुधी आणवणार आहेत. मीही बाजारातून एक आणून फ्रीजमध्ये लपवला आहे. तुम्ही आणलात तर तीन होतील. आणाच, माणसं बरीच आहेत.