कोमट पाण्यातले वाल

आये, हे मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, तुला ठाऊकच आहे. मधे काही शहाणपणाचं आलं तर ते तिने घुसवलंय असं समज.

ती वागळे इस्टेटीतल्या ऑफिसात कंप्युटरचं काम करते, आज इथे डोंबिवलीत घरूनच. एकच काम पुन्हापुन्हा करायला लावायचं, त्याला लूप म्हणतात. तो लिहायच्या तीन तऱ्हा, त्यांत झटपट कोणती, हे ती सकाळपासून बघतेय. तिची लाडकी तऱ्हा एका ओळीत मावणारी. तीच जिंकली, म्हणून सगळ्यांचं काम तसंच बदला असं साहेबांना कळवूनही मोकळी झाली. मग एकदम कपाळावर हात मारला. म्हटलं, "काय गं, जिंकलीस ना?" तर म्हणे, "आजी, घोळ झाला. पहिल्या लूपला सगळी माहिती डिस्कवरून आणावी लागली. माझ्या लाडक्याला शेवटी पळवलं, तोवर ती आणून ठेवलेलीच होती, त्याला आयती मिळाली."

मला आपलं ठाकुर्लीचं स्वयंपाकघर दिसलं. मला बघायला पाहुणे यायचेत. मी आणि वहिनी समोरासमोर मोड आलेले वाल सोलतोय, तू कमरेवर हात ठेवून उभी. "बघू कोणाचा हात चालतो!" वहिनीपुढे फडक्यातले वाल तसेच ओतलेस, माझे कोमट पाण्यात टाकलेस. वर सगळ्यांदेखत म्हणालीस, "हिच्याने नाही व्हायचं, हिला पाणी लागतं." मी जिंकले आणि रुसून बसले. सून हुशार, लेक धांदरट, हेच तुझ्या मनात, असं मी आजवर धरून चाललेले.

नात हसत सुटली. "अगं आजी, ही तर चीटिंग! पाण्यात सालं आपोआप सुटतात. जिला जिंकवायचंय तिलाच आयतं देतात. तुझी आई तुझ्या पार्टीत होती!"

मग तिने सगळ्या लूपांना माहिती सारखीच आयती दिली, क्रम बदलून पळवलं. लाडका जिंकला, पण अगदी थोडक्यात. तेवढ्यासाठी सगळ्यांचं काम बदलायला नको, असं साहेबांना फोनवर सांगताना पोरीचे कान लाल झालेले.

वहिनी कळव्याला असते. अजून मला ऐकवते, "सासूबाईंचा जीव माझ्यावरच हो!" आता तिला गप्प करता येईल, पण नाही करायची. म्हातारीला तेवढं राहू दे. हे पत्रही कुठे टाकायचं नाहीये. नातीचं म्हणणं पटलं मला, आये. तरी ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं गं.