प्रशांतची फौज

सोमवार, ५ ऑगस्ट
डबा खाताना गेम उघडला आणि घास तोंडातच राहिला. प्रशांतच्या नावासमोर हिरवा दिवा, म्हणजे ऑनलाइन. माणूस जाऊन महिना होतोय. अकाउंट चोरलं कोणीतरी. हरामखोर.

मंगळवार, ६
पुन्हा दिवा. क्लॅनच्या, म्हणजे गेममधल्या आमच्या टोळीच्या, ग्रुपवर बोंबाबोंब. भिलाईचा राकेश: "दीदी, चोर है, निकालो." सगळ्यांनी चोराला मनसोक्त शिव्या घातल्या, मीही. प्रशांत गेल्यापासून लीडर मी, म्हणजे काढायचं बटण माझ्याच हातात. तो रायपूरच्या कडेला उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये होता, मी नव्या रायपुरात ऑफिसात. इतकी वर्षं रोज एकत्र खेळलो, भेटलो एकदाच. तरी त्याचं नाव काढायला बोट धजेना.

गुरुवार, ८
ऑफिसातून थेट जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात, त्याच्या घरी. दार त्याच्या बाबांनी उघडलं. रेल्वेतून रिटायर. टेबलावर प्रशांतचा फोन, चार्जिंगला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "चोर मलेच म्हणून राहिले ना तुम्ही लोक?" सगळं वाचलं होतं त्यांनी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रशांत ड्युटीवर असला की गेममधल्या त्याच्या गावातलं सोनं काकाच गोळा करून ठेवायचे. त्यानेच शिकवलेलं. "आताही तेवढंच करतो. अन् संध्याकाळी तुमच्या गप्पा वाचत बसतो. घरात कोणी बोलून राहिलं असं वाटते." मग, "काढून टाकशीन काय मले?"
नाही, मी म्हणाले. काकूंनी चहा दिला, तो कसाबसा प्यायले.

शुक्रवार, ९
ग्रुपवर सांगितलं. मग राकेश: "अंकल को नमस्ते. लेकिन रूल तो रूल है, दीदी." राहायचं तर वॉर, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी लढाई, खेळायचं; आपला अटॅक चुकवला की बाहेर. नियम प्रशांतचाच. सख्ख्या मावसभावाला काढलं होतं त्याने, लग्नाच्या दिवशी अटॅक चुकवला म्हणून. काकांना सूट दिली तर पाच-सहा जण क्लॅन सोडणार म्हणतात. राकेशचं चूक नाही, याचाच जास्त राग येतो.
रविवारच्या वॉरमध्ये काकांचं नाव टाकलं. एकच अटॅक, हरले तरी चालेल. जमेल त्यांना.

शनिवार, १०
फोनवर काकांना शिकवायला बसले. फौज तयारच आहे, म्हटलं, नुसती लढाईत उतरवायची.
"हव, दिसून राहिली. त्यानं बनवली होती, त्या शेवटच्या दिवशी ड्युटीवर निघायच्या आधी."
मग त्यांनीच विचारलं,
"उतरवली का खतम होते ना?"
होते. उतरवलेली फौज परत येत नाही. नवी बनवता येते, काका, लगेच बनते.
"ते मी बनवलेली होईन ना, बेटा."
फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. आई बाहेरून विचारतेय, काहून एवढा वेळ. गेमसाठी रडतेय म्हणून कसं सांगू.

रविवार, ११
वॉर संपत आलं. सगळ्यांचे अटॅक झाले, काकांचा राहिलाय. राकेश सारखा विचारतोय, "अंकल का क्या?"

आता काकांचा फोन. "हातात घेऊन बसलो. तू लीडर आहेस, तू सांग. उतरवू?"

उतरवा म्हटलं तर प्रशांतने बनवलेली शेवटची फौज गेली. नको म्हटलं तर उद्या मीच त्यांना बाहेर काढायचं, संध्याकाळच्या गप्पा बंद. फोन स्पीकरवर ठेवून हे लिहितेय. काकांनीही फोन ठेवलेला नाही.