हीनाची मंगनी आणि तुमचं विश्व

कामथडी, मार्च २००३

चिरंजीव झुल्फिकार यास उस्मानमामाचा सलाम आणि दुवा.

तब्येत ठणठणीत असेलच. दुसऱ्याचा जीव टांगणीला लावून तुला काय व्हायचंय! हितं आमी खुशाल न्हाई. तुझ्या अम्मीचं बीपी वाढलंय, हीना धड जेवत न्हाई, आणि माझं डोकं टेम्पोच्या बॉनेटवानी तापलंय. फोन केला की तू ठेवतोस, म्हणून पत्र. हे तरी पुरं वाच.

अरे, तुझे अब्बा हयात न्हाईत, म्हणून नवऱ्या मुलाला भावानं साखर चारायची, एवढं एकच काम तुझ्याकडं होतं. (बिर्याणीपासून सतरंजीपर्यंत बाकी सगळं म्या केलं. सतरंजी शेजारच्या फुलाबाईंची, तिला डाग पडलाय, ती बोलणी वेगळी खातोय.) आपली निम्मी आळी बघतीय, आणि तू साखर मुठीत धरून नवऱ्या मुलाला, शाकिरला इचारतोस काय, तर अजून लूपवरच काम करता का! (तोबी तुझ्यावानी विश्वाचा हिशेब करणारा, पण तुझ्या तारा आणि त्याचं लूप, म्हंजे कड्या.) तो व्हय म्हणाला, आणि तुझा हात थांबला तो थांबलाच. तू म्हणे, सारं जग बारीक तारांच्या थरथरण्यातनं होतं. तो म्हणे, तारेला थरथरायला जागा नको का, आणि ती जागाच मुळात बारीक कड्यांची विणलेली. तू म्हणे, आमच्याकडं मिती दहा. (लांबी, रुंदी, उंची मला ठावं. वेळ चौथी धरली तरी बाकीच्या सहा कुठं दडवल्यास?) तो हसला, आणि तू साखर ताटात टाकून एसटी धरलीस! हीना दाराआडून बघत होती रे. लाज कशी न्हाई वाटली?

म्या तसाच पुण्याला तुमच्या मोठ्या सरांकडं गेलो. भला माणूस, चहा पाजला. म्हणाले, कृष्णविवराचा एक अवघड हिशेब तारवाल्यांनी आणि कडीवाल्यांनी आपापल्या रीतीनं केला आणि उत्तर सारखंच आलं. एकाच गोष्टीची ही दोन अंगं असतील का, ते काही जण शोधतायत. आणि प्रयोग करून खरंखोटं? ते अजून कुणाचंच झालेलं न्हाई! म्हंजे जे तू पाह्यलं न्हाईस, त्यानं पाह्यलं न्हाई, त्याच्यापायी सख्ख्या बहिणीची मंगनी अडवलीस! मला तर तिथंच रडू यायचं बाकी होतं.

येत्या जुम्म्याला शाकिरची माणसं पुन्हा येतायत. ही शेवटची खेप. मुकाट्यानं ये, साखर चार, आणि तोंडातनं विश्वाबद्दल चकार शब्द काढू नकोस.

तुझा (नाइलाजानं) मामा,
उस्मान

ता. क. : काल आंबवड्याला शाकिरच्या चाचांकडं तुझ्या वतीनं माफी मागायला गेलो होतो. ते म्हणाले, ते तारांचं थोतांड आता फार दिवस चालायचं न्हाई. आपल्या पोरानं डोळे फोडून केलेल्या अभ्यासाला थोतांड म्हणायचं, आणि म्या ऐकून घ्यायचं? त्यांच्या कड्यांबद्दल काय काय बोललो ते हितं लिहीत न्हाई. निरोप आलाय, बैठकीत मामा नको. तवा माझीबी माफी तूच माग.

पुन्हा ता. क. : हीनानं पत्र वाचलं. म्हणाली, एवढं लांबण कशाला लावलंत, भाईला फक्त लिहा की साखर त्याच्याच हातची पाहिजे, न्हाईतर कुणाचीच नको. ये बाबा. म्या बाहेर टेम्पोत बसतो.