पोथीचं पहिलं पान

अण्णा,

तुमच्या पोथीला पहिलं पान आलं. खरं तर सांगण्यासारखं एवढंच आहे, पण ते कसं आलं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मूळ पान तुमच्याच हातांनी झिजलं होतं. रोज आधी तेच उघडायचं, त्याच्याच कोपऱ्याला बोट लागायचं. त्याचा चुरा व्हायला लागला तेव्हा तुम्ही ते फडक्यात गुंडाळून नदीत सोडलंत आणि दुसऱ्या दिवसापासून पोथीवर हात ठेवून, डोळे मिटून, तेवढं पान तोंडपाठ म्हणू लागलात. ऐकून ऐकून तेच मलाही पाठ झालं. तुम्ही गेल्यावर पोथी माझ्याबरोबर इकडे अमेरिकेत आली आणि इतकी वर्षं मीही तसंच करत आलो. आधी डोळे मिटायचे, मग पोथी उघडायची.

तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. ती स्टेट कॉलेजला शिकते, जुन्या पुस्तकांचा अभ्यास करते. छापखाने येण्याच्या कितीतरी आधी युरोपातले साधू मठात बसून धर्मग्रंथ हातानं लिहायचे, पहिलं अक्षर सोन्यानं मढवायचे, समासात वेली आणि पक्षी रंगवायचे. ते हे कसं करत, हे ती नुसतं वाचत नाही, स्वतः करून बघते. देवाशी मात्र तिचं फारसं नातं नाही. दिवाळीला घरी आली की नमस्कार करते, तोही एका हातात फोन धरून. मी त्यावर कधी बोललो नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा तिचा फोन आला. "बाबा, आजोबांच्या पोथीला फर्स्ट पेज नाहीये ना? मी करू? गोल्ड लावून?" मी सहज म्हणालो, "पोथीला कशाला सोनं? आहे तशी बरी आहे." ती म्हणाली, "ओके." अण्णा, हे ओके मी ओळखतो. यानंतर ती तो विषय पुन्हा काढत नाही. पोरगी पहिल्यांदा आपणहून देव्हाऱ्याकडे यायला निघाली होती आणि मी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवत होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसूनच मी तिला फोन लावला. "ये घेऊन," म्हटलं.

सुट्टीत ती आली ती ब्रश, बाटल्या आणि खोकला घेऊन. मला मनातून धाकधूक होती, कारण ते लोक वासराच्या कातड्यावर लिहायचे आणि सोनं चिकटवायला माशाचा सरस घ्यायचे, असं तिनंच कधीतरी सांगितलं होतं. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "रिलॅक्स, बाबा. पेपर कॉटनचा आहे. आणि हा झाडाचा डिंक. तेव्हा हाही वापरायचे. प्युअर व्हेज!" बायको गॅसजवळून म्हणाली, "बरं झालं. नाहीतर तुझ्या बाबांनी टेबलासकट घर धुतलं असतं."

मजकूर मी लिहिला. तिनं बोरू तासून आणला होता. तो हातात धरल्यावर मला तुम्ही कित्त्यावर वाकलेले दिसायला लागलात. अक्षर रेघेला लोंबलं पाहिजे, रेघेवर चढता कामा नये, असं म्हणत तुम्ही माझं मनगट धरायचात. हात अजून विसरलेला नाही. वरच्या श्रीची जागा मी मोकळी सोडली. आधी अक्षरं, मग सोनं आणि रंग सगळ्यात शेवटी, असा त्यांचा क्रम आहे. रंग आधी दिला तर सोनं त्यालाही चिकटून बसतं.

तिनं त्या जागी डिंकानं श्री काढली आणि वाळू दिली. हिवाळ्यात इथे हीटिंगमुळे घरातली हवा अगदी कोरडी होते, अशा हवेत सोनं धरत नाही. म्हणून तिनं हीटिंग बंद केलं आणि पातेल्यात नुसतं पाणी उकळत ठेवलं. मग सोन्याच्या वर्खाची लहानशी वही माझ्यापुढे सरकवली. "तू कर. मला खोकला आहे, एक थेंब उडाला तरी पान गेलं. डिंकावर श्वास सोडायचा, तो जरासा चिकट होतो, की लगेच वर्ख ठेवून दाबायचा."

मी वाकतो. वर्ख ठेवतो, दाबतो. ब्रश फिरवला की सोनं सगळंच्या सगळं निघून येतं. पुन्हा करतो, पुन्हा तेच. ती माझ्या तोंडाकडे बघत असते. "बाबा, तू श्वास रोखून धरतोयस!"

धरत होतोच. हनुमान जयंतीच्या आधी तुम्ही मारुतीला शेंदूर चढवायचात आणि वर चांदीचा वर्ख लावायचात, नाकातोंडावर उपरणं बांधून. एकदा खांद्यावर वर्खाचा एक तुकडा लोंबत होता, तो उडवायला मी फुंकर मारली. तुम्ही केवढ्यानं ओरडलात! "देवावर फुंकर? मारुती म्हणजे काय बशीतला चहा आहे?" पारावरची माणसं हसली. मी देवळामागे जाऊन बसलो. थोड्या वेळानं तुम्ही आलात, स्वतःचं उपरणं माझ्या तोंडाला बांधलंत आणि शेपटीचा सगळा वर्ख मला लावू दिलात. त्या उपरण्याला कापराचा वास होता.

हे मी तिला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती वर्खाची वही मिटायला लागली. "म्हणजे तुमच्या देवाला माणसाचा श्वाससुद्धा चालत नाही? मग मी हे कशाला करतेय?"

'तुमच्या देवाला' हे मला लागलं. असं काही लागलं की मी चष्मा पुसायला काढतो, तसा काढला, तोंडाजवळ नेला आणि काचांवर हाऽ केलं.

"हेच!" ती ओरडली. "फुंकर नाही, बाबा. हेच करायचंय!"

आणि अण्णा, तेव्हा मला तुम्ही दिसलात. आंघोळ करून, पोथीसमोर पाटावर. चष्मा काढून काचांवर हाऽ करता, धोतराच्या सोग्यानं पुसता, पुन्हा हाऽ. तो आवाज आला की आम्ही स्वयंपाकघरात बोलणं थांबवायचो. मग तुम्ही वाचायला लागायचात, मोठ्यानं, पानाच्या अगदी जवळ तोंड नेऊन, उपरणं खांद्यावर ठेवून. पोथीनं तुमचा श्वास जन्मभर घेतला होता. इतकी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी चष्मा घातला, पानावर वाकलो आणि तुमच्यासारखं हाऽ केलं. वर्ख ठेवला. दाबला. तिनं खोकला आवरत ब्रश फिरवला. आजूबाजूचं सोनं उडालं, श्री तेवढी राहिली. वेलांटीत एका जागी सोनं धरलेलं नाही. मी पुन्हा लावू या म्हटलं, तर ती म्हणाली, "नको. तिथे तू घाबरला होतास. राहू दे." मग तिनं समासात रंगानं एक छोटं शेपूट काढलं, नुसतंच शेपूट, आणि माझ्याकडे बघून हसली. परत जायच्या दिवशी सकाळी मी वाचायला बसलो तेव्हा ती येऊन पहिलं पान होईपर्यंत बसली. फोन आणला नव्हता.

हे पत्र पोथीत ठेवणार नाही. स्वयंपाकघराच्या खणात, उरलेल्या वर्खाच्या वहीखाली राहील. एक मात्र तुम्हाला सांगून टाकतो. आता पहिलं पान समोर असतं, डोळे मिटावे लागत नाहीत. पण पोथी उघडण्याआधी मी रोज चष्मा काढतो आणि हाऽ करतो. काचा स्वच्छ असल्या तरी.