मानापायी वावर

माय, तुले हसू येईल, पण तुझी लेक आता विद्यापीठाच्या अधिसभेत बसते. चाळिशीत, सैपाक उरकल्यावर, कोणाची शिकवणी न लावता मी बी.ए. केलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता कलेक्टर होतं काय वं?" कलेक्टर काही झाले नाही. पण पदवी घेतलेल्यांनी नाव नोंदवलं की त्यांना मत मिळतं, आणि त्यांच्यातलेच काही जण निवडून अधिसभेत जातात. कॉलेजच्या पोरांनी मला उभं केलं, आणि मी आले की निवडून.

पहिल्या दिवशी मी चुकून दुसऱ्याच्या मांडवात शिरल्यासारखी बसले होते. मला वाटायचं, विद्यापीठ म्हणजे कुलगुरू. ते म्हणतील ती पूर्व. तसं नाही. काय शिकवायचं ते विद्या परिषद ठरवते, परीक्षा कुठं नि कशी घ्यायची ते परीक्षा मंडळ, तिजोरीची किल्ली व्यवस्थापन परिषदेकडे, आणि आम्ही अधिसभावाल्यांनी विचारायचं, सुचवायचं, हिशेबावर बोट ठेवायचं. एवढ्या हातांत एक कढई! मला मारुतीच्या देवळातला भंडारा आठवला. वांग्याच्या भाजीच्या गंजाजवळ आम्ही पाचजणी, येईल तिनं मीठ टाकलेलं. तू पदर खोचून उभी आहेस आणि मलाच म्हणतेस, "टाकलं तं टाकलं, पण इचारलं काऊन नाही?" पुढच्या वर्षी तूच ठरवून दिलंस की एकीनं मीठ टाकायचं, दुसरीनं चाखायचं, आणि ती हो म्हणेपर्यंत तिसरीनं वाढायचं नाही. विद्यापीठाचा कायदा तेवढाच आहे, पानं तेवढी जास्त.

माझं काम एकच होतं. आपल्या गावात कॉलेज आहे, पण परीक्षेचं केंद्र नव्हतं. पेपर तालुक्याला, तेही सकाळी, आणि पहिली एसटी पोचेपर्यंत अर्धा पेपर होऊन जायचा. पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून जात. पोरी घरी राहत. आपल्या शेजारची पोरगी शेवटच्या वर्षाला होती. बापानं तिला सांगितलं, गावात पेपर झाला तर लिही, नाही तर स्थळ आलेलं आहे. म्हणून मी ठराव मांडला, की आमच्या कॉलेजला केंद्र द्यावं. कुलगुरू मोठा गोड माणूस. म्हणाले, ताईंची भावना आम्हाला मान्य आहे, सकारात्मक विचार करू, त्यांनी ठराव मागे घ्यावा. सगळ्यांनी बाकं वाजवली. एवढा मोठा माणूस हात जोडतो म्हटल्यावर आपल्याकडे नाही म्हणायची रीत आहे का? मीही हात जोडले, घेतला मागे म्हटलं, आणि जेवताना गुलाबजाम मागून खाल्ला. शेजारी खामगावचे एक प्राध्यापक बसले होते, अधिसभेत मुरलेले. ते हळूच म्हणाले, "ताई, मांगं घेतला म्हंजे मेला. आता परीक्षा मंडळाले कोण सांगन?" मागे घेतलेला ठराव पुढं कोणाकडेच जात नाही, हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षी पोरीचा पेपर बुडाला. तिच्या बापाच्या दारात बसून मी आणखी एक वर्ष मागून घेतलं.

पुढच्या बैठकीत तोच ठराव, तेच गोड बोलणं, तीच विनंती. बाकं वाजायला लागली. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, माझी माय म्हणायची, मान द्यावा, पण मानापायी वावर देऊ नये. तुमचा मान हायेच. ठराव मताले टाका." सभागृह हसलं, कुलगुरूही हसले, आणि हात वर झाले. तरी केंद्र लगेच मिळालं नाही बरं. ठराव परीक्षा मंडळाकडे गेला, त्यांची समिती गावात आली, आणि मी मनात चरफडले, की आता यांना काय चाखायचं आहे? त्यांनी दाखवलं, प्रश्नपत्रिका ठेवायच्या खोलीच्या खिडकीला गजच नव्हते. त्याच खोलीत बसून मी कितीदा चहा प्याले होते! व्यवस्थापन परिषदेनं गजांचे पैसे मंजूर केले, आणि मग केंद्र आलं. पहिल्या पेपरला पोरगी चालत गेली. बाप फाटकाशी पाण्याची बाटली घेऊन उभा, मला विचारतो, "काकू, सोपा राह्यते ना पेपर?" पोरगी पास झाली, आता बी.एड. करते आहे. स्थळवाल्यांना बापानंच थांबा म्हणून सांगितलं.

तुझं ते वाक्य आता फार चाललंय. कुलगुरू भाषणात सांगतात, एका वऱ्हाडी माउलीचं म्हणणं आहे म्हणून. हे पत्र कुठं टपालात पडायचं नाही, म्हणून तुला सांगते. तू असं कधीच म्हणाली नाहीस. तुझ्या माहेरच्या शेतीची वाटणी झाली तेव्हा मामा म्हणाले, अक्का, तुझ्या मनाचा मोठेपणा, आणि तू हसत हसत आपल्या वाट्याच्या वावराच्या हक्कसोडीवर अंगठा दिलास. वर त्यांना आग्रह करकरून पुरणपोळी वाढलीस. ते वाक्य त्या दिवशी ताटं मांडता मांडता माझ्याच तोंडाशी आलं होतं. तुझ्याकडे पाहिलं आणि गिळलं. सभागृहात ते बाहेर पडलं, तेव्हा मी त्याला तुझं नाव लावलं.