आजीचा नमुना

बौद्धवाडी, ता. पोलादपूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. साक्षी बाळा,

अनेक आशीर्वाद आणि जय भीम. तुझा खोकला थांबला असेल असं धरून लिहिते. हॉस्टेलच्या थंड पाण्याने आंघोळ करू नकोस.

तू तपासणीसाठी मागितलेली वाडीतल्या माणसांच्या नखांची पाकिटं सोबत आहेत. बाबा उद्या महाडला कोर्टात कामावर जाताना कुरियरला देतील. पाकिटावर फक्त नंबर घातलाय, नाव कुणाचंच नाही. पायाचीच नखं घेतली. हा कागद बचत गटाच्या जुन्या वहीतला आहे, मागची पानं कोरी होती, ती कशाला वाया घालवायची.

फोन असताना पत्र का, असं म्हणशील. फोनला रेंज ओटीवरच येते आणि ओटीवर तुझी आजी असते. तिला दिसतं कमी, पण कुणाच्या घरात कुठलं भांडं पडलं ते ओटीवर बसून सांगते. म्हणून लिहिते.

आजीची नखं घ्यायला बसले तर म्हणाली, "पावसाळ्यात नेलीस ना गो? आता परत? तिकडं पुण्यात बसून करणी करते काय माझ्यावर?" मी म्हटलं, तिला तुमचा नमुना लागतो. तर म्हणाली, "मी काय नमुना हाय?" आणि स्वतःच हसत बसली. मग पाय पुढे केलान. बाबा म्हणाले, आहेसच तू नमुना. तेव्हा तोच पाय त्यांना लावलान.

वाडीची हालहवाल नेहमीचीच. वरच्या बंद खाणीत कुणी ट्रकने आणून टाकलेली ती केमिकलची गंजकी पिंपं अजून तिथेच आहेत. मध्ये एक साहेब फोटो काढून गेले, पुढे काही नाही. तू गेल्या मे महिन्यात विहिरीवर रंगवून लावलेली पाटी आता विहिरीवर नाही. "हे पाणी पिण्यास मनाई आहे" या अक्षरांवर आता कपडे धुतात, धुण्याचा दगड डगमगत होता म्हणून कुणी तरी खाली सरकवली. मी काढली नाही. कुणी काढली ते विचारलंही नाही.

धम्मपाल भावोजी विहारात पुन्हा तेच बोलले. चवदार तळ्याच्या शेजारच्या तालुक्यात आपल्याच विहिरीवर आपल्याच पोरीने मनाई लिहावी, याला शिक्षण म्हणायचं काय. मी खाली बघून फुलं लावत राहिले. त्यांची सून शर्मिला आहे ना, तिला आता सातवा लागलाय. तोंडावर छान तेज आलंय.

तू विचारलंस, आजी रोज विहिरीचंच पाणी पिते ना, नक्की? तुझ्या गाईड मॅडमनी दोनदा विचारलं म्हणून लिहिलंस. बाळा, कळशी रोज सकाळी विहिरीवरूनच घरात येते. कप्पी वाजलेली आजी स्वतः ऐकते.

दुसरं काही विशेष नाही. वेळेवर जेवत जा. तुझी ती रूममेट, मुखवट्यांवर पीएचडी करणारी, तिला माझी आठवण सांग.

तुझी आई,
उज्वला

---

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षी,

आशीर्वाद. जय भीम.

शर्मिलाचं बाबांनी फोनवर सांगितलं असेल. मुलगा होता. पोटातच गेला होता, महाडला नेलं तेव्हा नुसतं बाळंत करायचं राहिलं होतं. तिची आई तिला वरंधला घेऊन गेली. जाताना ती आपल्या ओटीवर आजीच्या पाया पडायला आली. मी आत स्वयंपाकघरातच उभी राहिले. चहासुद्धा विचारला नाही.

डॉक्टर म्हणाले, अशा गोष्टींना कारणं बरीच असतात. तूही तेच म्हणशील, एका उदाहरणावरून काही ठरत नाही. पण मला डॉक्टरांपेक्षा थोडं जास्त माहीत आहे, आणि ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही. लिहायला बसले होते, पण नुसती हालहवाल लिहून पाकीट चिकटवलं.

तुझंही पत्र आलं. आजीची नखं पुन्हा स्वच्छ निघाली, विहिरीतल्या विषाचा अंशही नाही. मॅडम म्हणतात, सगळ्या वाडीत जी बाई फक्त विहिरीचंच पाणी पिते, तिच्याच अंगात काही सापडत नाही, मग दोष पाण्याचा कशावरून? याचा उलगडा होईपर्यंत जिल्ह्याला जायचा अहवाल थांबला, आणि अहवाल थांबला म्हणजे आपल्या वाडीची पाइपलाइनही थांबली. तू लिहिलंस, "आई, माझी चूक कुठे आहे तेच सापडत नाही."

चूक तुझी नाही गो. चूक माझ्या कळशीत आहे.

तू पाटी लावून पुण्याला गेलीस त्या दिवशी आजीने ती माझ्याकडून वाचून घेतली. मी वाचली. "मनाई" शब्द आला तशी तिने मला पुन्हा वाचायला लावलं. तू पाण्याबद्दल लिहिलं होतंस. तिने तो शब्द स्वतःवर घेतला. लहानपणी माहेरच्या गावात वरच्या आळीच्या विहिरीवर तिला तो ऐकवत होते, आणि कुणी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी मिळायचं. लग्न होऊन इथे आली त्याच उन्हाळ्यात तुझे आजोबा रामजी आणि वाडीतली माणसं ही विहीर खणत होती. हळद अंगावर असताना हिने टोपलीने माती वर काढली. तिची नात शिकली आणि तिने तोच शब्द रंगाने लिहून त्याच विहिरीवर टांगला, असं तिच्या डोक्यात बसलं. म्हणाली, "आता मी मरेपर्यंत हेच पाणी पिणार. दुसरं नाय."

मी वरच्या आळीतून, ठमाबाईच्या नळावरून पाणी आणलं, तर तिने तोंड फिरवलं. ठमाबाई भली बाई, स्वतः पाइप लावून देते. पण आजीच्या लेखी कुठल्याही गावची वरची आळी अजून तीच आहे. मे महिन्याचं ऊन, आणि ही बिनपाण्याची बसून. दुसऱ्या दिवशी ओटीवर कलंडली.

मग मी काय केलं ते लिहिते. पहाटे ठमाबाईकडून कळशी भरून आणली आणि विहिरीच्या कठड्यामागे ठेवली. मग बालदी सोडली, कप्पी चांगली वाजवली, ते पाणी केळीला घातलं आणि कठड्यामागची कळशी कमरेला लावून घरात आले. आजीने पेलाभर पाणी एका दमात घेतलं. म्हणाली, "ह्या पाण्याची गोडी नळाला नाय येत."

मला वाटलं, चार दिवस. तिचा राग उतरला की सांगू. पण तिने जीव धरला, तिला भूक लागायला लागली, आणि मला ते मोडवेना. बाबांनाही सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही आणि आईशी तर अजिबात नाही.

हे माझ्या घरात राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. आजी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेला उंच करून दाखवायची. "बघा, मी पिते. काय झालं मला?" आणि खरंच तिला काही होत नव्हतं. पाटी लागली तेव्हा निम्मी वाडी नळावर गेली होती. दिवाळीपर्यंत एकेक करून सगळे विहिरीवर परत आले. शर्मिलाही आली. माझ्यासमोर बालदी ओढताना म्हणाली, "काकी, आजींना या वयात काही होत नाय, तर मला काय होणार?"

मी तिथे उभी होते, साक्षी. कठड्यामागे माझी भरलेली कळशी होती. मी म्हटलं, जड उचलू नकोस, दे, मी ओढते. आणि तिची कळशी मी भरून दिली.

रोज वंदनेत चौथ्या शीलाशी आले की माझा आवाज निघत नाही. असत्य बोलणार नाही, एवढंच तर म्हणायचं असतं. मी तिथे ओठ हलवते आणि पुढे जाते. गटाच्या हिशेबात बेरीज जुळली नाही तर मी उठत नाही, हे तुला माहीत आहे. तू तिकडे तीन वर्षांची बेरीज मांडून बसलीस आणि तिच्यात खोटा आकडा तुझ्या आईने घातला.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, ती लिहून ठेव. गेल्या वर्षी तुमच्या विद्यापीठात सगळ्यांच्या संशोधनाचे तक्ते लावले होते, तेव्हा तू मला नेलं होतंस. त्या पोरांचा पुलाचा नमुना, रूममेटचे मुखवटे, आणि तुझ्या तक्त्यावर आपल्या विहिरीचा फोटो, खाली "विहीर क्र. ७". मला ते थोडं लागलं होतं, तिला नाव नाही म्हणून. तेव्हा तू समजावलंस की एकाला हे पाणी, एकाला ते पाणी, असं लावून बघितल्याशिवाय खरं कळत नाही. मग बघ, आजी नळाचं पाणी पीत होती आणि तिचीच नखं स्वच्छ निघाली. म्हणजे तुझंच खरं होतं. मॅडमना हे सांग. माझं नाव घालून सांग.

माघ पौर्णिमेला विहारात सगळे जमतील. मी तिथे सांगणार आहे. आजीसमोर सांगावं लागेल, दुसरा उपाय नाही. आधी घरात सांगितलं तर बाबा मला जाऊ देणार नाहीत.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर माझ्याने होणार नाही.

आई

---

शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

साक्षी,

सांगितलं.

वंदना झाली, खीर वाटायची होती, तेव्हा उभी राहिले. मला भाषण येत नाही. कळशी, कप्पी, कठडा, जसं केलं तसं सांगितलं.  बाहेर पोरं ओरडत होती.

धम्मपाल भावोजींनी विचारलं, "वहिनी, म्हणजे म्हातारी आमच्यादेखत नळाचं पाणी पीत होती?"

मी म्हटलं, होय.

"शर्मिला पाणी भरायला आली, तेव्हाही?"

मी म्हटलं, होय.

ते उठले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चपलासुद्धा न घालता बाहेर गेले. बाबा खिरीच्या पातेल्याशी उभे होते. एवढंच म्हणाले, "तू आपल्या पोरीला खोटं पाडलंस." घरी आल्यावर त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली, पण वर बघितलं नाही.

त्याच रात्री भावोजींनी धुण्याच्या दगडाखालून तुझी पाटी काढली, घासली आणि खिळे ठोकून पुन्हा विहिरीवर लावली. अक्षरं अर्धी गेली आहेत, पण "मनाई" वाचता येतं. आता सगळी वाडी नळावर जाते. विहिरीवर कुणी येत नाही. तुला जे हवं होतं ते झालं.

आजीचं लिहायचं राहिलं.

ती विहारात पुढच्या चटईवर बसली होती. माझं बोलून झालं तेव्हा तिने एकच विचारलं, "कुणाच्या नळाचं?" मी ठमाबाईचं नाव घेतलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. येताना रस्ताभर माझा हात धरून चालली, कारण तिला दिसत नाही. घरात आल्यावर हात सोडला. तिचा तो पितळी पेला तिने उपडा ठेवला. रात्री पाणी घेतलं नाही.

काल पहाटे मला कप्पी ऐकू आली. मी अजून उठलेसुद्धा नव्हते, म्हणजे वाजवणारी मी नव्हते.

धावत गेले. ती कठड्याला पोट टेकून उभी होती, कापत होती, पण बालदी वर आणली होतीन. पाटीच्या बरोबर खाली उभी राहून ओंजळीने प्यायली. मी कळशी पुढे केली, पाया पडले, म्हटलं, मला काय ती शिक्षा द्या, पण हे पिऊ नका. तिने ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला, म्हणजे माझा राग केलान असंही नाही. म्हणाली, "उज्वला, तू मला त्यांच्या दारचं पाजलंस. मला न सांगता. निदान मला माझी ओंजळ तरी धरू द्यायची होतीस." मग म्हणाली, "तुझ्या पोरीला कळव. आता नमुना बरोबर येईल म्हणावं."

बाबांनी विहिरीचा दोर सोडून आणला, माळ्यावर टाकला. आज सकाळी तिने दोन जुनी लुगडी एकमेकांना बांधली, त्याला बालदी लावली आणि गेली. वाडीतल्या बायका लांबून बघत होत्या. कुणाची हिंमत झाली नाही. माझी तर नाहीच.

मॅडमना सांग, आजीचे आधीचे दोन्ही नमुने नळाच्या पाण्याचे धरा. बाकी सगळ्यांचे तुझ्याकडे लिहिलेत तसेच. आता तुझी बेरीज जुळेल. पुढचा नमुना मात्र माझ्याकडून मागू नकोस, माझ्याने तिची नखं कापवणार नाहीत.

तू ये. कदाचित तुझं ऐकेल, कदाचित नाही ऐकणार. पण ती पाटी तू तिला वाचून दाखव. मी वाचली तेव्हा मला फक्त अक्षरं वाचता आली, त्यामागचं तुझं म्हणणं नाही वाचता आलं. आणि येताना पाण्याच्या नमुन्यासाठी आणतेस त्या रिकाम्या बाटल्या आणू नकोस.

जिच्या हातचं पाणी तुझ्या आजीने सोडलं, ती
तुझी आई