कालचा फोन

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते, म्हणून नमस्कार.

इकडे सगळे ठीक. थोरलीचा दात पडला. तो काडेपेटीत घालून ती येईल त्याला दाखवत सुटलीय. धाकट्याला तू विणलेला स्वेटर आत्ताच घट्ट होतो. दुकानात पडद्यांची कामं साचलीत आणि नवीन मशीन सारखा दोरा तोडतं. मालकीणबाईंना सांगून सांगून तोंड दुखलं. भाऊजींचा खोकला कसा आहे?

एरवी हे सगळं तुला फोनवरच सांगते. पत्र बघून दचकली असशील. दचक.

शुक्रवारी मी हॉस्पिटलात गेले. काउंटरवरची बाई कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, "तुमची वेळ रद्द झालीय. कालच फोन केलात ना तुम्ही?" मी चक्क हसले. म्हटलं, दुसरी कुणीतरी असेल. तर म्हणे, "छे हो, पत्ता, जन्मतारीख सगळं बरोबर सांगितलंत. आवाजही हाच. किती खुशीत होतात! बाळाचं नावसुद्धा ठरलंय म्हणालात."

फोन कुणाचा, ते मला तिथेच कळलं.

आम्हा नवरा-बायकोखेरीज ही गोष्ट फक्त तुला माहीत होती. गर्भपाताची कायद्यातली मुदत त्याच आठवड्यात संपतेय, हेही मीच तुला सांगितलं होतं. आणि आपला आवाज! अगं, तुझ्या लग्नाआधी भाऊजींशी फोनवर मी तू बनून अर्धा तास बोलले होते, त्यांना पत्ता लागला नव्हता. अजून चिडतात त्यावरून. किती हसायचो आपण.

तुला मी सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "मला दे. नऊ महिने तर काढ, पुढचं मी बघते." मी नाही म्हटलं. धाकट्याच्या वेळी माझं काय झालं होतं, ते तू बाहेर बाकावर बसून पाहिलंस. पण समजा तसं काही झालं नसतं, तरी मी नाहीच म्हटलं असतं. मला नको होतं, ताई. नवरासुद्धा म्हणाला, "सोसायचं तुला आहे, तूच ठरव." त्याला कळलं ते तुला का कळू नये?

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीलाच आत घेतलं. "कालचं जाऊ द्या. आज तुम्ही काय म्हणता? कायद्याला तुमचीच संमती लागते, दुसऱ्या कुणाची नाही." मी तोंड उघडलं आणि बाई गं, माझ्याच आवाजाची मला भीती वाटली. यांना खरं वाटेल का? "मला नको आहे," म्हटलं. पुन्हा म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

गर्भपात झाला. तब्येत बरी आहे.

तुझं रिकामं घर मला दिसत नाही असं नाही. तुझ्यासाठी जीव तुटतो माझा. पण तू माझ्या तोंडून बोललीस. माझ्या पोटाचा निकाल तू माझ्याच आवाजात लावायला निघालीस. याला काय म्हणू? धक्का ओसरला की चिडेन बहुतेक. अजून तेही जमत नाही.

नाव कोणतं ठरवलं होतंस, ते मी त्या बाईला विचारलं नाही. तूही सांगू नकोस.

आणि फोन करू नकोस. तू "हॅलो" म्हणालीस की मला माझाच आवाज ऐकू येईल. काही सांगायचं असेल तर लिही. अक्षर तरी आपलं वेगळं आहे.

तुझीच,
धाकटी